स्थानिक पालक

मंगळवार, ४ फेब्रुवारी. पहाटे कडक थंडी, दहानंतर लख्ख ऊन, वारा पडलेला.

जुन्या जालन्यात बेबीनंदाबाईंच्या पिठाच्या गिरणीसमोर पांढरी गाडी येऊन थांबली. गाडीतून काळ्या सफारीतला मिथुन उतरला. त्याने साहेबांचा निरोप सांगितला आणि तो दारात उभा राहिला. बाईंनी निरोप ऐकला, हात पदराला पुसले आणि साफ नाही म्हणून सांगितलं. तो जागचा हलला नाही.

न्हाई म्हणले ना एकदा. न्हाई म्हणजे न्हाई. गाडी आणा, घोडा आणा, वाजंत्री आणा — बेबीनंदा कांही त्या गाडीत बसत न्हाई. आणि तसं दारात उभं राहू नका भाऊ, उजेड अडतो. आत या. बसा त्या पोत्यावर. बसत न्हाईत? ड्युटीवर बसायचं न्हाई? बरं, मंग उभे राहा, पण जरा इकडं सरकून — तिथं लोकांचे डबे हायत, पायात येतील. खाली काय बघून राह्यले? डबेच हायत. पीठ बसलं का सफारीवर? झटकू नका, झटकलं की आणखी आत जातं. आवाज? आवाज होणारच, गिरणी हाय ही, वाचनालय न्हाई. बंद न्हाई करता येत, दळण टाकलंय. मोठ्यानं बोला — तसं तुम्हाला बोलायचं काय राह्यलंय म्हणा, निरोप तर देऊन झाला. परत म्हणून दाखवू? 'अक्षताचा साखरपुडा हाय आज चार वाजता, मंठ्याला. पाहुणे यायला निघाले. होस्टेलच्या मॅडम अडून बसल्या, म्हणतात रजिस्टरला जिचा फोटो हाय ती बाई दारात आल्याशिवाय पोरगी सोडत न्हाई. तर बाईला गाडीत घालून न्या. दोन मिनिटांचं काम हाय, परत आणून सोडू.' बराबर? एक अक्षर तरी चुकलं का? दोन मिनिटांचं काम म्हणे. पोरगी आयुष्यभर जाणार आणि बाईची दोन मिनिटं. हिशेब चांगला हाय तातेराव साहेबांचा.

आता त्या फोटोचं ऐकाच, कारण साहेबांना वाटतं मी कुठून तरी मधेच घुसले. घुसले न्हाई. मला बोलावलं, आणि बोलावणारा साहेबांचा सख्खा भाऊ होता — राजानंद गुरुजी, अक्षताचा बाप. तुम्ही न्हाई बघितले त्यांना, तुम्ही नंतर आले. डी.एड.ला होते तेव्हा मागच्या गल्लीत खोली करून राह्यचे, तिघं पोरं मिळून. आठ दिवसाला ज्वारी घेऊन यायचे आणि दळण होईपर्यंत त्या पोत्यावर बसून पुस्तक वाचायचे, मोठ्या मोठ्यानं, ह्या गिरणीच्या आवाजात! मी म्हणायची, गुरुजी, डोकं दुखत न्हाई का? तर म्हणायचे, ताई, आमच्या खोलीवरच्या भांडणापेक्षा तुमची गिरणी बरी, हितं मला माझंच ऐकू येत न्हाई, म्हणून ध्यानात राहतं. असा माणूस. मंग नोकरी लागली, लग्न झालं, मंठ्याकडं गेले — तरी जालन्याला आले की जयभीम घालायला यायचेच. आणि पोरीचं नर्सिंगला नाव लागलं, होस्टेल मिळालं, तेव्हा होस्टेलवाल्यांनी विचारलं, स्थानिक पालक कोण? म्हणजे ह्या गावातलं माणूस, अडीअडचणीला बोलावलं तर येईल असं. तुम्हाला म्हाईत हाय लोक काय करतात — मोठे लोक मोठी नावं देतात, अमका वकील, तमका नगरसेवक. बाकीचे बियाण्याच्या दुकानदाराचं देतात, आडत्याचं देतात, ज्याच्या गादीवर बसून चार वेळा चहा पेला त्याचं. नाव कागदापुरतं. रस्त्यात पोरगी समोर आली तर त्याला ओळखूसुद्धा यायची न्हाई. गुरुजी आले आणि बराबर तुम्ही उभे हायत तिथं उभे राह्यले, म्हणले, बेबीताई, तुमचं नाव टाकू का? मी म्हणले टाका की, नावाला काय खर्चा लागतो? फोटो पायजे म्हणले. तशीच उठले, कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेले, काढला. ही भुवई पांढरी आली फोटोत — पीठ! रजिस्टरला अजून तोच चिकटवलाय. होस्टेलच्या रजनी मॅडम म्हणतात, बाकीच्यांना मी ओळखपत्र मागते, तुमची भुवई बघितली की पुरे. — हसले का? हसले. हसा, साहेब न्हाईत इथं.

तर रजिस्टरला दोन फोटो. एक बापाचा, एक माझा. आईचा न्हाई. कोणी मागितलाच न्हाई, आणि गुरुजींच्याबी ध्यानात आलं न्हाई. शिकलेला माणूस, पण चुकला तिथं चुकला. दोन वर्षांमागं ते गेले. किडनीचं निघालं आणि बघता बघता खलास. आता राह्यला एकच फोटो, पांढऱ्या भुवईचा. साहेबांचे फोटो चौकाचौकात हायत म्हणा, मंठ्यापासून जालन्यापर्यंत, हात जोडलेले — पण पायजे तिथं न्हाई. त्याला मी काय करू?

आणि मला तरी कुठं कळलं होतं पालक म्हणजे काय ते. नाव टाकलं, विसरले. एक दिवस फोन आला, 'तुमच्या पाल्याला ताप आहे.' मी म्हणले मला पाल्य-बिल्य कोणी न्हाई, दुसरीकडं लावा. खरंच म्हणले! मंग रजनी मॅडमनं नाव सांगितलं तेव्हा पळाले. पोरगी भट्टीसारखी तापल्ती. बाप तेव्हा ट्रेनिंगला, आई गावाकडं. रिक्षात घालून आणली, हितंच त्या गोणपाटाच्या पडद्यामागं अंथरूण टाकलं — म्हणजे तेव्हाचं सांगून राह्यले, आता तिथं पोतीच हायत नुसती — तर अंथरूण टाकलं आणि पट्ट्या ठेवत बसले. आमचे मालक होते तेव्हा, कडूबा. ते गिरणी बघायचे, मी पोरीला बघायची. ताप उतरल्यावर उठून बसली आणि काय म्हणावं तिनं? 'आत्या, भाकर दे.' मावशी न्हाई, काकू न्हाई — आत्या. बापाची बहीण करून टाकली मला, भाकरीच्या तुकड्यावर. मालक हसायला लागले, म्हणले घे, बसल्या जागी नातं लागलं. तिथनं सुरू झालं. रविवारी यायची, डोकं धुवायची, दोन भाकरी खायची, पोत्यावर बसून बापासारखी मोठ्यानं पाठ करायची. आता तर अन्नच जाईना तिला. सकाळी अर्धी भाकर ताटात तशीच— मला कसं म्हाईत? फोन केल्ता ना होस्टेलला. मॅडमनं सांगितलं. होस्टेललाच हाय ती, अभ्यास करून राह्यली. उद्यापासनं परीक्षा सुरू हाय तिची, शेवटच्या वर्षाची. साहेबांना म्हाईत हाय का, उद्या पेपर हाय ते? हाय म्हाईत? आणि तरी आजच. 'पेपर पुढच्या वर्षी देता येतो.' असं म्हणले. हं.

मंग तुम्ही आले. निवडणुकीत साहेबांच्या गाडीवर दगड आला, काच फुटली, तेव्हापासनं. साहेबांनी दोन माणसं स्वतःला ठेवली आणि उरलेलं एक पोरीच्या मागं लावलं. वाईट मानू नका. पहिल्या रविवारी ती आली आणि मागं तुम्ही — काळे कपडे, काळा चष्मा, हाताची घडी. माझी गिऱ्हाईकं परत गेली! त्यांना वाटलं मीटर तपासायला आले. गिरिजाबाई तर पीठ सोडून पळाली, तिच्या घरी तारेवर आकडा हाय. कॉलेजात पोरीचं नाव पडलं 'मंत्रीणबाई'. कँटीनला तिच्या बाकावर कोणी बसंना. तुम्हाला ते दिसायचं न्हाई, कारण तुम्ही उभे कसे राहता ते मी बघितलंय. तिच्याकडं पाठ. तोंड रस्त्याकडं. कोण येतं, कोण जातं, कोणाच्या हातात काय हाय — सगळ्या दुनियेकडं बघता, एक तिला सोडून. तसंच शिकवलं असणार, मान्य हाय मला. दगड तिकडनं येतो ना. पण बाप गेल्याला वर्ष झालं त्या दिवशी ती ह्या दारात उभी राहून रडून राह्यली होती, तुमच्या पाठीमागं, दोन हातावर. तुम्हाला कळलं का? तुमची नजर समोरच्या पंक्चरवाल्यावर, त्याच्या हातात पाना होता म्हणून! बॉडीला कांही झालं न्हाई, बिलकुल न्हाई, बॉडी बराबर होती. तुमचा पगार तेवढ्याचाच. मला पगार न्हाई, म्हणून मला सगळीच बघावी लागती — जेवली का, झोपली का, डोळे का सुजले, सणाला नवा ड्रेस असून जुनाच का घातला. आणि एक सांगू का, रागावू नका. दगड घराकडनं आला तर तुम्ही काय करता? तो तर तुम्हाला दिसणारच न्हाई. तिकडं तुमची पाठ असती.

सांगा बरं, एवढे महिने मागं मागं फिरले — ती लिहिती कोणत्या हातानं? सांगा, सांगा. …डाव्या? बराबर. डावरीच हाय. कसं कळलं? पिशवी उजव्या खांद्याला असती आणि डावा हात मोकळा ठेवती? हं. म्हणजे बघता तुम्ही. मागनं बघता. मागनं माणसाचं दिसणार तरी काय — पिशवी, वेणी, चपला.

ये केशरबाई, ये. बाजरी का? तिथं नको ठेवू, इकडं दे माझ्या हातात. हे? पाहुणे हायत. न्हाई गं, मीटरवाले न्हाईत. गाडी त्यांचीच. मला न्यायला आली, बघ, उतारवयात नशीब उघडलं. काय म्हणती? गिरणी रिकामी फिरून राह्यली? कुठं रिकामी — हां, संपलं वाटतं. बोलता बोलता ध्यान राह्यलं न्हाई. टाकते. तुझी बाजरी नंतर, आधी गहू हाय. जेवून ये. जा. जा गं, उभी काय राह्यली, सिनेमा लागलाय का? — ही केशरबाई. आता गल्लीभर सांगत जाईल, बेबीनंदाला पळवून न्यायला सफारीवाला आलाय. — हो, बराबर हाय तुमचं, रिकामी चालवू न्हाई. दगडाला दगड घासतो, मंग छिन्नीनं टाकी लावून घ्यावी लागती. म्हणून तर गहू टाकून राह्यले, माझे घरचेच हायत. बंद? बंद कशाला करू? चालू केली की चालू असलेली बरी. परत सुरू करायला पट्टा त्रास देतो.

तर मी काय म्हणत होते — हां. गेल्या महिन्यात तुम्ही साहेबांना फोन केला. 'ताई बसस्टँडवर एका पोराशी बोलत होत्या. हसत होत्या.' केला ना? केला. मला म्हाईत हाय, कारण त्याच आठवड्यात साहेबांनी सोयरीक ठरवली. कॉन्ट्रॅक्टरचं घर, साहेबांच्या पुढच्या निवडणुकीला कामाला येणारं. पोरीला विचारलं न्हाई, सांगितलं. 'बाहेर तुझ्यावर नजर ठेवायला माणूस लागतो, त्यापेक्षा तुझ्या घरी जा.' आता तुम्ही काय बघितलं ते तुम्ही सांगितलं, ते काय बोलत होते ते मी सांगते. मला तिनं सांगितलंय. त्या पोराचं नाव ऋषी. तिच्याच वर्गात हाय, अंबडचा हाय, अंबडच्या गाडीची वाट बघत होता. भर दुपार. त्यानं तुमच्याकडं बघितलं आणि तिला विचारलं, तो माणूस कधीचा उन्हात उभा हाय, त्याला तहान लागत न्हाई का? तर आमची मंत्रीणबाई म्हणती, 'लागत असंल, पण त्याला घामसुद्धा साहेबांची परवानगी काढून येतो.' त्यावर हसले दोघं. तेवढंच हसणं. बाप गेल्यापासनं पहिल्यांदा हसली असंल पोरगी. मंग तो पोरगा गेला, पाण्याची बाटली घेतली आणि आणून तुम्हाला दिली. आठवतं? निळा शर्ट, चष्मा. आठवलं. तुम्ही घेतली. पेले. अर्धी उरली ती पिशवीत ठेवली. आणि संध्याकाळी साहेबांना फोन लावला.

मी दोष देत न्हाई. तोंड पाडू नका. काम हाय तुमचं, बघायचं आणि सांगायचं. पोरगी, पोरगा, हसणं — जे बघितलं ते सांगितलं, त्यात खोटं एक अक्षर न्हाई.

वय काय तुझं? तू म्हणते आता, चालतं ना? अठ्ठावीस. गाव? जाफराबादकडं. आई हाय? हाय. बरं. तिला म्हाईत हाय का तू काय काम करतो ते? 'सिक्युरिटीत हाय' सांगतो. तसंच सांग. हे बघ मिथुन, साहेबांनी निरोपात आणखी एक गोष्ट सांगितली असणार, ती तू गिळली. चांगल्या घरचा हायस म्हणून गिळली. मीच म्हणून दाखवते — 'त्या बाईला स्वतःचं लेकरू न्हाई, म्हणून आमचं धरून बसली.' हेच ना? परत खाली बघायला लागला म्हणजे हेच. ऐक मंग. न्हाई मला लेकरू. सगळ्या गल्लीला म्हाईत हाय, साहेबांनी मंठ्याहून सांगायची गरज न्हाई. पण धरून मी न्हाई बसले. धरून बसलेत ते. ही पोरगी नर्स झाली की जाणार — पुण्याला जाईल, संभाजीनगरला जाईल, मला वर्षातनं एक फोन करील, न्हाई तर तोबी न्हाई करणार. करू नको. त्यासाठीच तर बसले मी, ती जावी म्हणून. पण जाईल ती स्वतःच्या पायानं, गाडीत घालून न्हाई. सज्ञान हाय म्हणतात कायद्यानं. हाय की, मलाबी कळतं कायद्याचं. पण गाडीचं दार लागताना कायदा कुठं बसतो, पुढच्या सीटवर का मागच्या? सांग तूच, तू तर दार लावणारा.

आणि सगळ्यात मोठं खोटं काय, तर पोरीच्या आईची मर्जी हाय म्हणे! आई राजी हाय, आईनं ओटी आणून ठेवली, आई वाट बघून राह्यली! अरे, आईनं रविवारी शेजारणीच्या फोनवरनं मला — रडतसुद्धा न्हव्हती रे, कोरड्या आवाजात म्हणली, 'बेबीताई, रजिस्टरला माझा फोटो न्हाई, तुमचा हाय. मला दारात उभं राहता येत न्हाई, तुम्ही उभ्या राहा.' एवढंच. आणि ठेवला. अशी मर्जी हाय आईची…

…हे सांगायला न्हाई पायजे होतं मी.

मिथुन. हे तू ऐकलं न्हाई. इकडं बघ माझ्याकडं. दैवशालाला, पोरीच्या आईला, त्याच घरात राहायचंय, साहेबांच्या चुलीवर, तिला दुसरं घर न्हाई. माझं काय सांगायचं ते सांग, बाई अडून बसली सांग, शिव्या घातल्या सांग, गाडीवर पीठ फेकलं सांग — फेकते पायजे तर. पण तिचं नाव घ्यायचं न्हाई. माझं तोंड असं हाय बघ, गिरणीवर जन्म गेला, मोठ्यानं बोलायची सवय, काय बोलले ते बोलल्यावर कळतं. आता कळलं तुला, बॉडीगार्ड कसा पायजे? तोंड शिवलेला. तुझ्यासारखा. मी न्हाई त्या कामाची. पण गाडीत मी बसणार न्हाई ते न्हाईच. उचलून न्यायचं असंल तर उचल, हे बघ, उभी हाय. पंचावन्न वर्षांची बाई भर बाजारात पोत्यासारखी खांद्यावर टाक आणि चल, बघू दे लोकांना, केशरबाईला तेवढंच पायजे. आणि नेली, समज, उचलून नेली होस्टेलच्या दारात, उभी केली — तोंड तर माझंच हाय ना? रजनी मॅडम विचारतील, तुम्ही मर्जीनं आल्या का? मी न्हाई म्हणणार. किती वेळा उचलशील? मी तेवढ्या वेळा न्हाई म्हणीन. ती उद्या पेपरला बसणार. मंग साखरपुडा करा, लग्न करा, काय करायचं ते तिला विचारून —

लाइट गेली.

नेमकी आत्ताच गेली. जाऊ दे, येईल. तू — तू जा आता, झालं ना बोलून. मी काय म्हणत होते, हां, गहू — गहू अर्धे राह्यले आत, आता लाइट आल्याशिवाय — कोण? कोणी न्हाई. रेडिओ हाय. मागं रेडिओ हाय. लाइट गेल्यावर कसा म्हणजे? सेलवर! सेलवर चालत न्हाई का रेडिओ? 'बाळाला जन्मल्यावर पहिल्या तासात आईच्या अंगाशी ठेवावे' — आरोग्याचा कार्यक्रम हाय, रोज असतो ह्या टायमाला, ऊब द्यावी, पुसून घ्यावे, चांगलं सांगतात, मी नेहमी — अक्षता, गप!

…

हाय. इथंच हाय. रडायला झालं तरी मोठ्यानंच पाठ करती, बापासारखी, म्हणून तर सकाळपासनं गिरणी चालू ठेवली. काल संध्याकाळी रजनी मॅडमनं स्वतः दिली माझ्या ताब्यात. फोटो बघून, भुवई बघून, बराबर कायद्यानं — स्थानिक पालक आला, घेऊन गेला. आजचा एक दिवस काढायचा होता फक्त. निघाला असता तुझ्या साहेबांचा पाय इकडं, तर मी… काय केलं असतं? काय की. ती गोणपाटामागं हाय आणि मी इथं उभी हाय, माझ्याकडं एवढंच हाय.

तुझा फोन वाजून राह्यला. साहेबांचाच असणार. उचल. उचल की. काय सांगायचं ते सांग. मी आता एक शब्द बोलणार न्हाई.

मिथुनने फोन कानाला लावला. "बाई यायला तयार न्हाईत. पोरगी इथं न्हाई," एवढं बोलून बंद केला. गाडीच्या ड्रायव्हरला त्याने हातानेच जायची खूण केली. मग तो वाकला. डब्यांच्या रांगेत निळ्या पट्ट्याच्या चपला होत्या, त्या उचलून त्याने गोणपाटाखालून आत सरकवल्या. वळला, आणि गिरणीकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून दारात उभा राहिला.

गाडी रिकामी मंठ्याला गेली. दुपारी दुसरी आली, दारासमोर थोडी थांबली आणि तीही गेली. दैवशालाबाईंचं नाव कोणी घेतलं नाही. साखरपुडा झाला नाही. बुधवारी सकाळी अक्षता पेपरला बसली. शुक्रवारी मिथुनला कामावरून काढलं.